माळेतला माणूस

फ्लेविया टीचरच्या क्लासात पहिले काही महिने कोणी पूर्ण वाक्य बोलायचं नाही, असा दंडक होता. आता बोरिवलीत इंग्रजीच्या क्लासांना तोटा नाही. स्टेशनबाहेरचा एकेक खांब 'महिन्याभरात फाडफाड इंग्रजी'च्या कागदांनी भरलेला असतो, आणि तिथून शिकून बाहेर पडलेली मंडळी वर्षभरानेही 'आय ॲम गोइंग टू मार्केट'च्या पुढे सरकलेली नसतात. टीचरचं तंत्र निराळं होतं. सगळी हयात कॉन्व्हेंटमध्ये पोरं हाकण्यात गेल्यावर त्या निवृत्त झाल्या होत्या आणि गावठाणातल्या आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर दुपारच्या वेळी मोठ्या माणसांना शिकवत होत्या.

"पूर्ण वाक्य बोलतो कोण रे?" त्या म्हणायच्या. "बेकरीत जाऊन बघा. 'वन ब्राउन ब्रेड, स्मॉल पॅकेट.' झालं काम! पाट्या वाचा. 'फ्रेश सुरमई.' 'लेडीज टेलर.' 'वन रूम किचन विथ गॅलरी.' वस्तूचं नाव घट्ट धरायचं, आणि त्याच्या पुढे काय, मागे काय लावायचं तेवढं शिकायचं. बाकीचं आपोआप मागून येतं."

हे शिकवायला त्यांनी एक खेळ काढला होता. त्याला त्या माळ म्हणत. टीचर एक शब्द द्यायच्या, मग ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाने त्यात आपला एक मणी ओवायचा. 'बॅग' दिली, की 'अ रेड बॅग', मग 'अ रेड बॅग विथ टू पॉकेट्स', मग 'अ रेड बॅग विथ टू पॉकेट्स अंडर द टेबल'. अडखळला तो बाद. बाद झालेल्याने सगळ्यांचा चहा करायचा. त्यामुळे सुरुवातीला सुलक्षणाचा वेळ ओट्यापेक्षा टीचरच्या स्वयंपाकघरातच जास्त जायचा.

सुलक्षणा काही हौसेने इंग्रजी शिकत नव्हती. तिचा नवरा दशरथ लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तो दळण टाकायला म्हणून घराबाहेर पडला. डबा गिरणीवर पोचला, गहू दळले गेले, पीठ गार झालं. डबा न्यायला मात्र माणूस आलाच नाही. पोलीस झाले, देवळं झाली, कौल लावून झाले. मग कोणीतरी सांगितलं, की दक्षिणेत काही आश्रम आहेत, रस्त्यावर भरकटलेल्या, डोकं फिरलेल्या माणसांना उचलून नेतात, बरं करतात. तेव्हापासून सुलक्षणा फोन करत सुटली होती. पलीकडून इंग्रजीत प्रश्न यायचे. कसा दिसतो? अंगावर काय? काही खूण? हिची बोबडी वळायची, आणि पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवून द्यायचा. आपल्याला बोलता येत नाही म्हणून नवरा कुठेतरी पडून राहिलाय, हे तिच्या मनाने घेतलं होतं. एकदा त्याचं धड वर्णन करता यावं, एवढंच तिला हवं होतं.

वर्णनच, कारण नाव ती घ्यायची नाही. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं तुटतं, हे सासूने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यात भरवलं होतं. मुलगी दिशा ओरडायची, "आई, कुठल्या जमान्यात आहेस गं?" पण माणूस घरात असताना जे कधी केलं नाही, ते तो असा अधांतरी असताना कोण करील? पोलीस चौकीतसुद्धा नाव दिशानेच सांगितलं होतं. फोनवर 'नेम?' विचारलं, की सुलक्षणा जीभ चावायची आणि पुन्हा उंचीपासून सुरुवात करायची.

तर त्या दिवशी टीचरनी माळेला शब्द दिला, "अ मॅन."

धम्मपाल पहिला. हा एका टॉवरवर वॉचमन होता आणि सुपरवायझर व्हायचं त्याच्या डोक्यात होतं. "अ टॉल मॅन," तो म्हणाला.

मग जयंतीबेन. त्यांचे खाकरे आता परदेशी जायला लागले होते. "अ टॉल मॅन इन अ व्हाइट शर्ट."

सुलक्षणाने डोळे मिटून घेतले आणि एका दमात म्हटलं, "अ टॉल मॅन इन अ व्हाइट शर्ट ॲट द गेट."

"शाब्बास गो बाय!" टीचरनी टाळी वाजवली. "आज चहा मी करते."

क्लास सुटला तेव्हा फाटकाबाहेर एक उंच माणूस उभा होता, पांढऱ्या शर्टातला. मुंबईत पांढऱ्या शर्टातल्या उंच माणसांचा काय दुष्काळ आहे? सुलक्षणा त्याला वळसा घालून भाजी घ्यायला गेली. भाजीवाल्याकडे मेथी निवडताना मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या इतक्या जवळून गेलो आणि तरी तो दिसायला कसा होता ते काही आपल्याला सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी धम्मपालनेच हट्ट धरला, की तोच माणूस पुढे न्यायचा. टीचरही हसून हो म्हणाल्या. "विथ कर्ली हेअर," धम्मपालने जोडलं. सुलक्षणाच्या मनात आलं, आमच्या ह्यांचेही केस कुरळे. तोवर जयंतीबेन पुढे बोलल्या, "विथ अ हाफ फिंगर ऑन द लेफ्ट हॅण्ड."

सगळे हसले. "काय जयंतीबेन, गुन्हेगार पकडताय काय?" धम्मपाल म्हणाला.

सुलक्षणाचं हसू मात्र अर्ध्यावरच थांबलं. दशरथच्या डाव्या हाताची करंगळी लिफ्टच्या जाळीत सापडून अर्धी गेली होती. नवरा हरवल्याचं ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण करंगळीचं तिने तिथे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"जयंतीबेन, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाय रे बाबा," जयंतीबेन गोंधळल्या. "तोंडात आला, बोलली. का, चुकलं काय?"

माळ पुरी करायची पाळी सुलक्षणाची होती. आतून कोणीतरी ढकलावं तसे शब्द बाहेर आले. "अंडर द ट्री."

टीचरच्या अंगणात एकच झाड होतं, चाफ्याचं. सुलक्षणाने वळून पाहिलं. तो झाडाखाली उभा होता. पांढरा शर्ट, कुरळे केस, डावा हात खाली सोडलेला आणि करंगळीच्या जागी तेवढं आखूड टोक. ऊन चांगलं रखरखत होतं, पण शर्टावर घामाचा एक डाग नव्हता. सुलक्षणाला धावत जाऊन त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी उठून दुसऱ्या दाराने पळून जावंसंही वाटलं. ती दोन्ही न करता बसून राहिली.

वॉचमन तो वॉचमन. धम्मपाल उठून तरातरा अंगणात गेला. "काय साहेब, कोण पाहिजे?" त्याने विचारलं. धम्मपाल जरा वेळ तिथे उभा राहिला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"टीचर, मी दिवसभर माणसांची तोंडं बघतो. एकदा आलेला माणूस मी सहा महिन्यांनी ओळखतो. त्याच्या समोर उभा राहिलो ना मी! केस बघितले, हात बघितला. चेहरा बघितला की नाही, तेच समजत नाय."

फ्लेविया टीचरनी उठून ओट्याचं लाकडी दार लावून घेतलं. गळ्यातला क्रूस त्यांनी मुठीत धरला होता. "माळ आजपासून बंद," त्या म्हणाल्या. मग सुलक्षणाच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलल्या, "बाय, तुझ्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडी येतंय. चेहऱ्याबद्दल अजून कोणी काही बोललं नाही, म्हणून तो तेवढ्यावरच थांबलाय. तूही बोलू नको. तुझा नवरा येईल तर त्याच्या पायाने येईल. ह्याला आपण आणलाय."

शहाण्या बाईचं ऐकावं माणसाने. पण बारा वर्षं दाराकडे डोळे लावून बसलेल्या बाईला असं सांगून काय उपयोग? उपाशी माणसाला ताट दाखवायचं आणि म्हणायचं, हात लावू नको! सुलक्षणा मान हलवून घरी आली, पायसुद्धा न धुता बाहेरच्या खोलीत उभी राहिली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिने माळ पुन्हा पहिल्यापासून ओवली. उंच, पांढऱ्या शर्टातला, कुरळ्या केसांचा, अर्ध्या करंगळीचा. आणि शेवटी, "इन द चेअर, इन माय हाऊस."

खुर्ची करकरली.

चेहरा तिने त्याच दुपारी दिला. "विथ ब्राउन आइज." "विथ अ थिन मुस्टॅश." "विथ अ गॅप बिटवीन टू फ्रंट टीथ." एकेक शब्द टाकावा आणि समोर तेवढंच उमटावं. शेवटचं बोलून झाल्यावर तो ओठ विलग करून हसला आणि पुढच्या दोन दातांमधली फट दिसली, तेव्हा सुलक्षणा जमिनीवर बसून ढसाढसा रडली. आला होता. दळण टाकायला गेला त्या सकाळचा, जसाच्या तसा.

मग तिचे दिवस सुखात जाऊ लागले, आणि ते सुख खोटं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. ती त्याच्यासमोर बसून मटार सोलायची, शेजारणीच्या कागाळ्या सांगायची. तो ऐकायचा. जेवायचा नाही, ताट वाढलं तसंच राहायचं. झोपायचा नाही. शर्ट कधी मळायचा नाही. बोलायचाही नाही, पण दशरथ तरी कुठे मोठा बडबड्या होता! क्लास तिने सोडला. आश्रमांना फोन करणं तर केव्हाच थांबलं होतं.

दिशा मुलुंडहून एकदा येऊन गेली. तिला खुर्चीत कोणी दिसलं नाही, पण ती त्या खुर्चीत बसलीही नाही. पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसली आणि अर्ध्या तासात म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल ना राहायला. हे घर कसंतरीच वाटतंय गं."

गावाहून दीर लवूचा फोन आला. "वैनी, बारा वर्सां झाली," तो म्हणाला. "आता दादाक मोकळो करूक व्हयो. भटजींका विचारलंय मी. दर्भाचो पुतळो करूचो, डोक्याक नारळ लावचो, आणि तेका अग्नी देवचो. रीतच आसा ती." हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग गवताचा माणूस रचून त्याला जाळायचं, ही रीत सुलक्षणालाही ठाऊक होती. ह्या फोनची तिला धास्ती होती. पण आता तिला हसूच आलं. "भावोजी, काही गरज नाही त्याची," ती म्हणाली आणि खुर्चीकडे बघून तिने डोळे मिचकावले.

मग एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक तरुण उभा होता आणि त्याच्या दंडाला धरून एक म्हातारा. तरुणाने आपलं नाव जॉन सांगितलं. तो मंगळूरकडच्या एका आश्रमातून आला होता. बरी झालेली माणसं आपापल्या घरी पोचवत फिरायचं, हे त्याचं काम. तो इंग्रजीत बोलत होता, आणि सुलक्षणाला त्यातलं अक्षरन् अक्षर कळत होतं. मॅडम, तुम्ही मागे आमच्याकडे फोन केला होता, तेव्हा तुटक शब्दांतली एक खूण आणि पत्ता तेवढा आमच्या वहीत उतरला होता. हे गृहस्थ आमच्याकडे खूप वर्षं आहेत. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण हल्ली बोरिवली, बोरिवली म्हणतात. तुम्ही सांगितलेल्या खुणेवरून वाटलं, एकदा दाखवून बघावं.

सुलक्षणाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. डोक्यावर केस औषधाला नव्हते. पाठ वाकून उंची निम्मी झाली होती. तोंडाचं बोळकं, गालांच्या खोबणी, डोळ्यांत मोतीबिंदूचं पाणी. अंगावर कोणीतरी दिलेला ढगळ निळा सदरा. ओळखीचं म्हणावं असं नखभरसुद्धा काही तिला सापडेना.

"प्लीज लुक ॲट द हॅण्ड, मॅडम," जॉन म्हणाला आणि त्याने म्हाताऱ्याचा डावा हात वर उचलला. करंगळी अर्धी होती.

आत खुर्ची करकरली. सुलक्षणाने दार थोडं ओढून घेतलं. आत करंगळीही होती आणि सगळंच होतं. केस होते, दात होते, मिशी होती. कोण कुठला हा म्हातारा? घरात धडधाकट नवरा बसलेला असताना हा कशाला गळ्यात घ्यायचा?

"नॉट माय हजबंड," ती म्हणाली. जॉन अजून बघत होता, म्हणून तिने पुढे सांगितलं, "माय हजबंड इज ॲट होम." तिच्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

जॉनने माफी मागितली. म्हाताऱ्याला वळवून तो जिना उतरायला लागला. म्हातारा मुकाट्याने एकेक पायरी उतरत होता. मधल्या वळणावर पोचल्यावर तो थांबला, वर बघत राहिला आणि म्हणाला, "सुले."

मग जॉनने त्याला पुढे नेलं.

सुलक्षणा दार लावून आत आली आणि भिंतीला टेकली. सुले. चारचौघांत नाही, पोरीसमोर नाही, सासूसमोर तर नाहीच. ते नाव एका माणसाच्या तोंडचं होतं, आणि ते तिने इंग्रजीत, मराठीत, कोणालाही कधी सांगितलं नव्हतं.

ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "मला हाक मार," ती म्हणाली.

तो बघत राहिला. डोळे ब्राउन, मिशी बारीक.

"मार ना रे. एकदाच. तुला ठाऊक आहे कशी मारायची ते."

त्याने तोंड उघडलं. वर दोन दात होते आणि त्यांच्यामध्ये फट होती. बाकी दात नव्हते. जीभ नव्हती. आत काहीच नव्हतं, कारण आतलं कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. दोन दातांच्या मागे नुसता काळोख होता, आणि ते तोंड तिने सांगितल्याप्रमाणे हसत होतं.

खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. सुलक्षणा गॅलरीत धावली. रिक्षा सोसायटीच्या फाटकातून वळत होती. "अहो!" ती ओरडली. अशा हाकेला मुंबईत कोण वळून बघतो? "ओ दिशाचे बाबा! थांबा!" रिक्षा फाटकाबाहेर पडली. सासू आठवली, आयुष्य तुटतं ते आठवलं, आणि मग तिने गॅलरीचा गज दोन्ही हातांनी धरून, सगळी सोसायटी खिडक्यांत येईल एवढ्या मोठ्याने हाक मारली, "दशरथ!"

रिक्षा थांबली.

ती अनवाणी तीन मजले उतरून धावत गेली. म्हातारा रिक्षातून बाहेर यायला धडपडत होता. तिने त्याचा हात धरला. हात घामाने ओला होता आणि गरम होता. त्याच्या अंगाला प्रवासाचा, फिनेलचा आणि म्हातारपणाचा वास येत होता. "चुकले मी," ती रडत म्हणाली. "तुम्हाला ओळखलं नाही मी." तो तिच्याकडे बघत होता. त्याला किती कळलं, देव जाणे, पण त्याने हात सोडला नाही. फाटकाशी उभ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जॉनला थोडं समजलं, थोडं नाही, पण तो हसत होता आणि डोळे पुसत होता.

जिना चढायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. जॉन मागून पिशवी घेऊन येत होता. प्रत्येक मजल्यावर दशरथ दम खायला थांबायचा, आणि सुलक्षणा त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. तिला घाई नव्हती. आता त्याला आधी आंघोळ घालायची, मऊ भात द्यायचा, दिशाला फोन करायचा, लवूला कळवायचं, असं सगळं तिच्या डोक्यात चाललं होतं.

तिसऱ्या मजल्यावर आल्यावर ती थबकली. धावत खाली जाताना तिने दार उघडं टाकलं होतं. आता ते बंद होतं. तिने ढकललं, मग खांदा लावून ढकललं. दार आतून लावलेलं होतं. आत खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

दशरथने दाराकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "आत कोण आसा गे?" त्याने विचारलं.

आतल्या माणसाचा केसन् केस सुलक्षणाला सांगता आला असता, पण तो कोण ते नाही. तिने दशरथचा हात आणखी घट्ट धरला, जॉनला मागे सरकायची खूण केली आणि कडी वाजवली. आतून पावलं दाराकडे येऊ लागली.